घटस्फोटाचे दप्तर: अमेरिकेतल्या काउंटी कोर्टाची खिडकी

लग्न मोडणे ही दोन माणसांची खासगी बाब असते. लग्न मोडल्याचा पुरावा मात्र खासगी राहून भागत नाही. माणूस पुन्हा लग्न करू शकतो का, घरात कोणाचा वाटा उरला, पेन्शनवर कोणाचा हक्क लागतो, हे सारे घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर ठरते. अमेरिकेत हा कागद आयुष्यात पुन्हा पुन्हा मागितला जातो. लग्न किमान दहा वर्षे टिकलेले असेल, तर इतर अटी पूर्ण करणाऱ्या घटस्फोटित व्यक्तीला पूर्वीच्या जोडीदाराच्या कमाईवर सोशल सिक्युरिटीचा लाभ मिळू शकतो. त्यासाठी हुकूमनामा दाखवावा लागतो. नव्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करताना आधीची सगळी लग्ने कायद्याने संपल्याचा पुरावा जोडावा लागतो. हा पुरावा वॉशिंग्टनमध्ये नसतो, बहुतेकदा राज्याच्या राजधानीतही पूर्ण स्वरूपात नसतो. तो असतो ज्या काउंटीत घटस्फोट झाला तिथल्या कोर्टाच्या दप्तरात, क्लर्कच्या ताब्यात. ही व्यवस्था जुनी, विखुरलेली आणि गैरसोयीची वाटते. तरीही निकाल सर्वांसाठी उघडा ठेवणे आणि त्यामागचे दुःख चव्हाट्यावर येऊ न देणे, ही दोन कामे एकाच वेळी करायची तर काउंटी कोर्टाची ही खिडकीच टिकवायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

घटस्फोटाचे दप्तर काउंटीत का, याचे उत्तर अमेरिकेच्या संघराज्यात आहे. विवाह आणि घटस्फोट हे राज्यांचे विषय. घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचे हुकूम देण्याचा अधिकार संघीय न्यायालयांना नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली अँकेनब्रांट खटल्यात पुन्हा स्पष्ट केले. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या, आणि कार्यालयांची नावे राज्यागणिक वेगळी. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांत हे काम सुपीरियर कोर्टाकडे आहे. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट देणाऱ्या कोर्टाचे नाव सुप्रीम कोर्ट असले तरी ते सर्वोच्च न्यायालय नव्हे, आणि त्याची कागदपत्रे काउंटी क्लर्क सांभाळतो. टेक्सासच्या २५४ काउंट्यांत लग्नाचा परवाना काउंटी क्लर्क देतो, घटस्फोटाचे दप्तर मात्र डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे. पेनसिल्व्हेनियात त्या अधिकाऱ्याला प्रोथोनोटरी म्हणतात, तर लुइझियानात काउंटीच्या जागी पॅरिश आहे. म्हणून शोधाचा पहिला प्रश्न लग्न कुठे झाले किंवा माणसे आज कुठे राहतात हा नसतो. निकाल कोणत्या काउंटीत लागला, हा असतो. तेही दरवेळी राहत्या गावावरून कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकातल्या सुधारणेपर्यंत घटस्फोटासाठी व्यभिचार हे एकच कारण चालत असे. उलट नेव्हाडाने १९३१ साली वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली. परिणामी पूर्वेकडे संसार केलेल्या अनेक जोडप्यांच्या घटस्फोटाची कागदपत्रे रीनो शहरात, वॉशो काउंटीच्या कोर्टात आहेत.

राज्याच्या आरोग्य खात्याकडे काहीच नसते असे नाही. पण तिथे जे मिळते ते हुकूमनाम्याची जागा घेत नाही. टेक्सास राज्य १९६८ पासूनच्या घटस्फोटांसाठी नोंद असल्याचे पत्र देते, पण ते प्रमाणित प्रतीऐवजी चालत नाही. न्यूयॉर्क राज्याकडे १९६३ पासूनची प्रमाणपत्रे आहेत. कॅलिफोर्निया राज्याकडे तर फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातल्या नोंदींचा दाखला मिळतो. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सारे काउंटीत. या दाखल्यांत मुख्यतः नावे, तारीख आणि काउंटी असते. घर कोणाला गेले, पोटगी किती, मुले कोणाकडे, हे हुकूमनाम्यातच सापडते. देशपातळीवर तर घटस्फोटांची एकत्रित नावनिशीवार सूचीच नाही. एकोणिसाव्या शतकात देशातले घटस्फोट मोजायचे ठरले, तेव्हा कामगार आयुक्त कॅरोल राइट यांच्या खात्याला काउंटी कोर्टांची दप्तरेच उघडावी लागली. १८६७ ते १८८६ या वीस वर्षांतले ३,२८,७१६ घटस्फोट त्या नोंदींतून मोजले गेले. पुढे १९९६ साली संघ सरकारने लग्न-घटस्फोटांची तपशीलवार माहिती गोळा करणे थांबवले, आणि कॅलिफोर्नियासारखे लोकसंख्येने सर्वांत मोठे राज्य आज राष्ट्रीय आकडेवारीत घटस्फोटांची संख्यासुद्धा देत नाही. वरची सगळी यंत्रणा काउंटीच्या दप्तराची सावली आहे. मूळ तिथेच आहे.

या खिडकीवर काम कसे चालते ते पाहिले की व्यवस्थेचा गाभा कळतो. क्लर्कला दोन्ही पक्षांची तेव्हाची नावे, घटस्फोटाचे साल आणि शक्य असेल तर खटला क्रमांक द्यायचा. क्रमांक नसेल तर सूची चाळावी लागते. अलीकडची सूची संगणकावर, त्याआधीची मायक्रोफिल्मवर किंवा जाड नोंदवह्यांत. जुन्या फायली अनेकदा दूरच्या गोदामात असतात, मग थांबावे लागते. कॅलिफोर्नियात शोधाला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर १५ डॉलर आणि साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट पडतात; प्रमाणित प्रतीची फी वेगळी. साधी प्रत वाचण्यापुरती, तर क्लर्कच्या सही-शिक्क्याची प्रत बँक, पेन्शन आणि पासपोर्टसाठी. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात न्यायचा कागद असेल तर कधी त्याहून वरचे प्रमाणीकरण लागते. फाइलमध्ये अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा, मिळकतीची प्रतिज्ञापत्रे, तडजोडीचा करार आणि शेवटी हुकूमनामा असतो. कामासाठी सहसा शेवटचाच कागद लागतो, म्हणून तेवढाच मागितला तर पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

पहिला आक्षेप गंभीर आहे: तुटलेल्या संसाराची फाइल परक्या माणसाने का पाहावी? आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार अशी सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा वृत्तांत छापायलाही बंदी आहे. अमेरिकेत परंपरा उलटी आहे. न्यायालयीन कागद पाहण्याचा आणि त्याची नक्कल घेण्याचा सर्वसामान्य हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या निक्सन विरुद्ध वॉर्नर खटल्यात मान्य केला. तरीही दोन्ही गरजा सांभाळता येतात, हे न्यूयॉर्क दाखवते. तिथल्या कायद्याच्या कलम २३५ नुसार घटस्फोटाची फाइल शंभर वर्षे बंद राहते. ती दोन्ही पक्ष, त्यांचे वकील किंवा न्यायालयाची परवानगी असलेली व्यक्ती यांनाच दिसते. पण निकाल काय लागला याचा दाखला कोणीही मागितला तरी क्लर्कला द्यावाच लागतो, आणि त्यात आरोपांचा शब्दही नसतो. मला ही रचना सर्वांत न्याय्य वाटते. पूर्ण गुप्तता मात्र बलवानाच्या पथ्यावर पडते. कॅलिफोर्नियात पक्षकाराने नुसती मागणी केली की मिळकतीचे कागद सीलबंद करण्याची सक्ती करणारा कायदा झाला होता. उद्योगपती रॉन बर्कल यांच्या खटल्यात २००६ साली अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. सील हवे असेल तर न्यायाधीशाला कारण पटवून द्या, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. २००४ साली इलिनॉयमधून सिनेटला उभे असलेले जॅक रायन यांच्या मुलाच्या ताब्याविषयीचे कागद माजी पती-पत्नी दोघांचा विरोध असताना लॉस एंजेलिसच्या कोर्टाने उघडले, आणि काही दिवसांतच त्यांनी माघार घेतली. सार्वजनिक पदाचा उमेदवार असला तरी त्याचे मूल सार्वजनिक नसते. मुलांसंबंधीचे कागद मूळ नियमानेच बंद असावेत, असे यावरून मला वाटते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. सगळे ऑनलाइन का करत नाहीत? कॅलिफोर्नियाच्या नियम २.५०३ ने याला विचारपूर्वक उत्तर दिले आहे: कौटुंबिक खटल्यांतले दस्तऐवज सर्वसामान्यांना कोर्टात येऊन पाहता येतात, दूर बसून इंटरनेटवर नाही. विखुरलेले कागद एका जागी गोळा झाले की खासगीपणाचे नुकसान वेगळ्याच प्रतीचे होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रिपोर्टर्स कमिटी खटल्यात ओळखले होते. खिडकीवर येणाऱ्याला काही कारण असते, तो नाव आणि साल सांगतो, फी भरतो. हा छोटासा खटाटोप गरजवंताला अडवत नाही, पण लाखो फायली एका रात्रीत उपसणाऱ्या माहितीच्या व्यापाऱ्याला नक्की अडवतो.

तिसरा आक्षेप या खटाटोपावरच आहे, आणि त्यात तथ्य आहे. हिंसेपासून पळून दुसऱ्या राज्यात आलेल्या बाईला मूळ काउंटीत जाणे शक्य नसते, आणि गरिबाला फी जड जाते. टपालाने अर्ज आणि फी माफी या सोयी अनेक ठिकाणी आहेत, पण त्या अर्जदाराला माहीत असाव्या लागतात. विखुरलेपणाची जोखीमही खरी आहे: १८७१ च्या आगीत शिकागोचे आणि १९०६ च्या भूकंप-आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे कोर्टाचे जुने दप्तर नष्ट झाले. यावर उपाय फाइल इंटरनेटवर ओतणे हा नाही. प्रत्येक राज्याने नावे, तारीख, काउंटी आणि खटला क्रमांक एवढीच सूची खुली करावी, मूळ कागदांची सुरक्षित दुसरी प्रत ठेवावी आणि प्रत देण्याचे काम काउंटीकडे राहू द्यावे. कागद कुठे आहे हे चटकन कळावे. तो उघडण्यासाठी मात्र कोणाला तरी विचारावे लागावे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यातले काहीच परके नाही. मिसुरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टाने दिलेला घटस्फोट भारतात नरसिंह राव खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९९१ च्या निकालात दोन धडे आहेत. भारतीय कायद्याला हवे ते प्रमाणीकरण नसलेली फोटोप्रत पुरावा म्हणून टिकली नाही. आणि अधिकारक्षेत्राबाहेर, इथल्या विवाह कायद्याला मान्य नसलेल्या कारणावर मिळवलेला हुकूम भारतात बंधनकारक ठरला नाही. म्हणजे प्रमाणित प्रत असली म्हणून हुकूम मान्य होईलच असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ ची कसोटी उरतेच. पण प्रत नसेल तर गोष्ट सुरूच होत नाही. २००५ पासून भारत परदेशी कागदांच्या प्रमाणीकरणाच्या अपोस्टिल करारात असल्याने हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रतीवर त्या राज्याचे अपोस्टिल घेऊन ती भारतात सादर करता येते. म्हणून ज्यांचा घटस्फोट अमेरिकेत झाला आहे त्यांनी काउंटीचे नाव आणि खटला क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, हुकूमनाम्याच्या दोन प्रमाणित प्रती आजच मागवाव्यात, आणि भारतात पुन्हा लग्न करण्याआधी त्या इथल्या वकिलाला दाखवाव्यात.