हृदयासाठी काय खावं, किती चालावं?

आमच्या ओळखीतले एक भाई लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला होते. एका रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा ‘गॅस असेल’ म्हणून सोडा प्यायले आणि सकाळची वाट पाहत बसले. सकाळी फार उशीर झाला होता. वय पन्नाशीच्या आतलं. तेव्हापासून शाळेत, घरात, दावतीत आम्ही हा विषय काढतोच.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांमध्ये हळूहळू चरबी साचते. त्या जागी रक्ताची गुठळी झाली की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. हाच हार्ट अटॅक. रक्तदाब, शुगर, तंबाखू आणि बैठं काम यांमुळे हा धोका वाढतो.

आपलं कोकणी जेवण मुळात वाईट नाही. बांगडा, तारली हे मासे हृदयासाठी चांगले. कुळीथ, नाचणीची भाकरी, शेवग्याची भाजीही चांगली. बिघडतं ते तेलामिठात. तेच मासे रोज तेलात तळले की फायदा कमी होतो. सुकट, खारा मासा, लोणचं, पापड यांत मीठ भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे एक छोटा चमचाही नाही. म्हणून सुकट खायचीच असेल तर आधी गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका. नारळ बेतानं वापरा. दावतीत बिर्याणी जरूर खा, पण एकदाच वाढून घ्या. रमजानमध्ये भजी-समोसे रोज नकोत.

आता चालण्याचं. आठवड्याला किमान 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालायचं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. हायवेच्या कडेनं नको, गावातल्या आतल्या रस्त्यानं चाला. फजरनंतरची वेळ उत्तम. नाइट शिफ्ट असेल तर झोप पुरी करून असरच्या सुमारास निघा. ‘घरकामात चालणं होतंच की’ असं आमच्या बहिणी म्हणतात. पण घरातली ये-जा थांबत थांबत होते, सलग चालणं वेगळं. दोघी-तिघी मिळून निघा. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

तिशीनंतर रक्तदाब आणि शुगर तपासून घ्या, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

आणि छातीत दाब, हात-जबडा-पाठीत कळ, घाम, धाप असं काही जाणवलं तर सोडा पिऊन थांबू नका. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी दुखतही नाही, नुसता थकवा आणि मळमळ जाणवते. लगेच 108 ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. कळंबणी आणि कामथे इथं उपजिल्हा रुग्णालयं आहेत. रात्र असली तरी निघा. खोटं ठरलं तर फक्त एक फेरी वाया जाईल.