नायट्रोजन-निरास, खनिज तेलातील

खनिज तेलातील नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुगांची उत्प्रेरकाच्या (विक्रियेचा वेग वाढविणाऱ्या पदार्थाच्या) सान्निध्यात हायड्रोजनाशी विक्रिया घडवून नायट्रोजन अमोनियाच्या रूपात वेगळा करण्याच्या परिष्करण प्रक्रियेस ‘हायड्रोजनी नायट्रोजन-निरास’ म्हणतात.

संयुगे व त्यांचे परिणाम : कच्च्या तेलात नायट्रोजन बहुधा ०·५ टक्क्याहून कमी असतो व तो मुख्यत्वे उच्च उकळबिंदूच्या भागांत एकवटलेला असतो. पिरिडीन, क्विनोलीन ही संयुगे क्षारकीय, तर इंडोल, कार्बाझोल ही अक्षारकीय होत. भंजनासाठी (मोठ्या रेणूंचे लहान रेणूंत तुकडे करण्यासाठी) वापरावयाच्या उत्प्रेरकाचे कार्य त्याच्या पृष्ठभागावरील अम्लीय स्थानांमुळे चालते. क्षारकीय संयुगे या स्थानांना घट्ट चिकटून ती निकामी करतात. म्हणून नायट्रोजन अल्प असला, तरी तो भंजनापूर्वी काढणे इष्ट असते. तेलाचा रंग बिघडणे व साठवणीत त्यात गाळ साचणे यांसही ही संयुगे कारणीभूत होतात.

विक्रिया : गंधकापेक्षा नायट्रोजन काढणे अवघड असते. डायबेंझोथायोफेनातील गंधक वलयांचे हायड्रोजनीकरण न होताही सुटू शकतो व त्यास हायड्रोजनाचे २ रेणू पुरतात. पिरिडिनाचे वलय मात्र प्रथम ३ रेणू घेऊन संपृक्त होते (पिपेरिडीन), चौथ्याने ते उघडते आणि पाचव्याने पेंटेन व अमोनिया मिळतात. यासाठी ॲल्युमिनावर आधारलेली निकेल व मॉलिब्डेनम यांची सल्फाइडे, सु. ३५०° ते ४००° से. तापमान व उच्च दाब वापरतात. अमोनिया व हायड्रोजन सल्फाइड यांपासून बनणारे लवण शीतकाच्या नळ्यांत साचून त्या तुंबतात व गंजतात. म्हणून थंड होणाऱ्या प्रवाहात पाणी सोडून ते विरघळवितात.

महाराष्ट्रातील संदर्भ : खानदेशात खनिज तेल परिष्करण कारखाना नाही. मुंबईतील माहुल येथील कारखान्यांत तयार झालेले डीझेल नळमार्गाने मनमाडजवळील पानेवाडी येथे येते व तेथून टँकरने धुळे, जळगावकडे जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ मानकानुसार डीझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १० भागांहून अधिक चालत नाही. अखेरपर्यंत टिकून राहणारी गंधकयुक्त संयुगे मुख्यतः वलयाच्या हायड्रोजनीकरणानेच फुटतात आणि नायट्रोजन संयुगे उत्प्रेरकावरील नेमकी तीच स्थाने अडवितात. त्यामुळे नायट्रोजनाचा बंदोबस्त केल्याशिवाय गंधकाची ही मर्यादा गाठणे कठीण जाते.

उत्प्रेरकी हायड्रोजनीकरण खानदेशास अपरिचित नाही. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स (पुढे विप्रो) या कंपनीने अमळनेर (जि. जळगाव) येथे वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू केले. वनस्पती तूप बनविताना खाद्यतेलातील द्विबंधांना हायड्रोजन जोडला जातो. कोणतेही मूलद्रव्य काढावयाचे नसते. तेथील निकेल धातुरूपात असते व गंधक त्यास विषवत ठरतो. परिष्करणात मात्र निकेल व मॉलिब्डेनम यांचे सल्फाइड हेच उत्प्रेरकाचे कार्यक्षम रूप असते.