इंग्रजीची तोंडी परीक्षा आणि सायकल

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर सायकल कोणास अनोळखी नाही. परंतु परदेशी शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या येथील विद्यार्थ्यास आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत ‘सायकल चालविता येते काय?’ असे विचारल्यास ‘येस, आय कॅन’ एवढ्यावरच उत्तर संपण्याची भीती असते. ११ ते १४ मिनिटांच्या या संभाषणात ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांना सारखेच गुण असतात. सायकलीविषयीच्या माहितीला वेगळे गुण नाहीत. पाठ केलेला निबंध तर परीक्षकाच्या सहज ध्यानात येतो. त्यापेक्षा वडिलांच्या उंच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून आपण कसे शिकलो, ते सांगावे. मात्र बालपणीच्या सवयीसाठी ‘यूज्ड टू’ वापरावयास विसरू नये. मराठीत आपण मोटारही चालवितो आणि सायकलही. इंग्रजीत मोटारीस ‘ड्राइव्ह’ आणि सायकलीस ‘राइड’ म्हणतात. आपल्याकडील अनेकांची जीभ घसरते ती येथेच! दुसऱ्या भागात टिपणासाठी १ मिनिट मिळते व त्यानंतर २ मिनिटांपर्यंत बोलावयाचे असते. सरावासाठी घड्याळ घेऊन मित्रासमोर बसावे आणि भर रस्त्यात चेन पडली तेव्हा काय केले, हे त्यास इंग्रजीतून सांगावे.