दर दोन तासांनी कूस

अर्धांगवायूला खेड्यापाड्यांत ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. झटका इतक्या अचानक येतो की वाऱ्याची उपमा सुचावी, पण बिघाड असतो मेंदूत. मेंदूला रक्त पोचवणारी वाहिनी गुठळीने बुजते किंवा फुटते आणि पलीकडचा भाग उपाशी पडतो. बहुतेक रुग्णांत कारण गुठळीचेच असते. ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. हे साडेचार तास पुष्कळदा ‘जरा पडू द्या, बरं वाटेल’ म्हणण्यात जातात. काही घरांत ते कबुतराच्या रक्ताने मालिश करण्यात जातात, आणि त्याचा उपयोग शून्य असतो.

रुग्णालयातला मुक्काम एक-दोन आठवड्यांत आटोपतो. डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांच्या हाती फाइल, गोळ्यांची पिशवी आणि तोंडी सूचनांची यादी पडते. जे काम परिचारिका शिकून, पाळ्या लावून करतात, ते आता बैठकीच्या खोलीत कोणी न शिकवलेल्या माणसांना करायचे असते. डोके वर उचलता येणारी खाट आणि हवेची गादी बऱ्याच गावांतल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अनामत भरून मिळते. सोफा भिंतीला सरकतो, चादरीखाली मेणकापड येते, गादीचा पंप रात्रंदिवस घुर्र करत राहतो. शहाणे घर पहिल्याच दिवशी शंभर पानी वही घालते. वेळ, कूस, किती पाजले, लघवी किती, रक्तदाब, गोळ्या असे रकाने आखून ती खाटेच्या दांड्याला सुतळीने बांधून ठेवते. तीन माणसे पाळीपाळीने राबत असतील तर आठवणीवर भिस्त ठेवून चालत नाही.

कूस दर दोन तासांनी बदलायची असते. लुळ्या अंगाला टोचणी जाणवत नाही आणि जाणवली तरी हलता येत नाही. त्यामुळे माकडहाड, खुबे, टाचा यांच्यावर सतत दाब राहून कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबूनही न विरणारा लाल डाग. तो चोळायचा नसतो, पण घरोघरी नेमका तोच पावडर लावून चोळला जातो. त्या जागेवरचा भार काढणे हाच खरा इलाज. रुग्णाला ओढले तर कातडी घासून सोलते, म्हणून पाठीखाली आडवी दुमडलेली चादर घालतात. दोन्ही बाजूंनी दोघे तिच्या कडा गुंडाळून घट्ट धरतात, ‘एक, दोन, तीन’ म्हणतात आणि अंग उचलून सरकवतात. मग गुडघ्यांमध्ये उशी, पाठीला लोड, आणि पोटरीखाली घडी अशी की टाच अधांतरी राहील. हवेची गादी घेतली म्हणजे हे टळते हा समज खोटा आहे. गादीने दाब वाटला जातो, कूस बदलावीच लागते. रात्री अकरा, एक, तीन आणि पाच या पाळ्या कोणाच्या वाट्याला येतात त्यावरून घराची खरी रचना कळते. बहुधा त्या सुनेच्या किंवा बायकोच्या असतात, आणि डॉक्टरांशी फोनवर बोलण्याचे काम मुलाकडे असते.

सर्वांत जास्त चुका भरवताना होतात. घशाचे स्नायू दुबळे झाल्याने घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. काही रुग्णांना अशा वेळी ठसकासुद्धा लागत नाही आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. ‘निदान दोन चमचे पाणी तरी पाजा’ हा आजीचा आग्रह म्हणूनच धोक्याचा असतो. पातळ पाणी सर्वांत वेगाने घशात घरंगळते, दाट पदार्थ त्या मानाने सावरता येतो. गिळणे सुधारेपर्यंत नाकातून जठरात नळी ठेवतात. ती राइल या इंग्रज डॉक्टराच्या नावाने ओळखली जाते, घरात मात्र ती नुसती ‘नळी’ असते. खाटेचे डोके वर करायचे, नळी जागेवर असल्याची शिकवल्याप्रमाणे खातरजमा करायची, मग मोठी सिरिंज दट्ट्या काढून नळीला लावायची आणि वर धरायची. गाळलेले मुगाचे कढण आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचे. घाई झाली की दट्ट्याने रेटण्याचा मोह होतो, पण रेटले तर उलटी होण्याचा संभव असतो. शेवटी थोडे पाणी घालून नळी धुवायची आणि पुढचा अर्धा-पाऊण तास रुग्णाला आडवे करायचे नाही. पुढे परवानगी मिळाल्यावर तोंडाने पहिले घास घट्ट दही, मऊ शिरा, गुरगुट्या भात असे. हनुवटी किंचित खाली, चमचा चांगल्या बाजूने. जेवण झाल्यावर लुळ्या गालात बोट फिरवून पाहतात, कारण तिथे भाताचा गोळा तासभरही तसाच बसून असतो आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसतो.

खांद्याचे दुखणे मात्र अनेकदा प्रेमाने ओढवलेले असते. भेटायला आलेला पुतण्या ‘उठा काका’ म्हणत लुळा हात धरून ओढतो किंवा काखेत हात घालून उचलतो. तिथले स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली सरकतो आणि पुढचे कित्येक महिने दुखत राहतो. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हा फिजिओथेरपिस्टने सांगितलेला नियम घरातली लहान मुलेही चार दिवसांत पाठ करतात.

डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग जाते आणि बऱ्याचदा वाचाही. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने 1861 मध्ये असा एक रुग्ण नोंदवला. त्याला समजत सगळे असे, पण तोंडातून एकच अक्षर निघे. आपल्याकडच्या घरांत हाच प्रकार चक्रावून टाकतो. ‘पाणी’ म्हणता न येणारा माणूस संध्याकाळी आरती सुरू झाली की दोन ओळी म्हणून जातो, बेचा पाढा म्हणतो, आणि जन्मात शिवी न दिलेल्या गृहस्थाच्या तोंडून चक्क शिवी निघते. मग ‘मुद्दाम बोलत नाहीत’ असा ग्रह होतो. खरे तर घोटून पाठ झालेली भाषा आणि जुळवून बोलायची भाषा मेंदूत एकाच वाटेने येत नाहीत.

इथून पुढे काम उलटते. पहिले काही आठवडे सगळे करून द्यायचे असते, नंतर हात आवरायचा असतो, आणि हे जास्त कठीण. सदऱ्याचे एक बटण डाव्या हाताने लावायला चार-पाच मिनिटे लागतात. बटण काजाच्या कडेला टेकते, निसटते, पुन्हा टेकते. समोर उभी सून हात मागे बांधून ठेवते, कारण मोकळे असले तर ते आपोआप पुढे जातात. ‘पा... पा...’ झाले की वाक्य आपण पूर्ण करायचे नाही, थांबायचे. पाचशे वेळा केलेल्या हालचालीतूनच मेंदू पर्यायी वाट घालतो, आणि त्या पाचशेंतल्या चारशे माया करून हिरावून घेणारी घरे थोडी नाहीत.

रुग्ण अकारण रडतो किंवा हसतो, तेही इजेचेच लक्षण असू शकते. निराशेचा आजार जडतो तो वेगळा, आणि त्याला औषध आहे. जपणाऱ्याची कंबर, झोप आणि चिडचिड यांना वहीत रकाना नसतो. सरकारी योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांना मिळतो. डायपर, फिजिओथेरपी, नर्सिंग ब्यूरोकडून बोलावलेल्या मावशींचा बारा तासांचा पगार हे बहुधा घरच्यांच्या खिशातून जाते. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरले तर 2016 च्या कायद्याखालच्या सवलतींसाठी प्रमाणपत्र काढता येते. ते काढायला घरे उगाच लाजतात.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, सहा महिन्यांनंतर मंदावते, पण थांबतेच असे नाही. पाय बहुधा आधी परततो, बोटे मागे राहतात. पुष्कळ रुग्ण काठीने न्हाणीघरापर्यंत जाऊ लागतात, खाट केंद्राला परत जाते, सोफा जागेवर येतो. वहीतले कूस, पाजणे, लघवी हे रकाने एकेक करून रिकामे पडतात. रक्तदाब आणि गोळ्या हे दोन मात्र जन्मभर भरायचे असतात, कारण एकदा झटका आलेल्याला दुसरा येण्याची शक्यता इतरांहून जास्त असते, आणि पुष्कळदा तो ‘आता बरे आहे’ म्हणून गोळी सोडल्यावर येतो.