हृदयविकाराचे मूळ दैनंदिन सवयींत

कर्त्या वयाचा माणूस हृदयविकाराच्या झटक्याने दगावला की, “कालपर्यंत अगदी ठणठणीत होता,” असे उद्गार ऐकू येतात. वस्तुतः हा विकार एका दिवसात उद्भवत नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या आतील बाजूस मेदाचा थर वर्षानुवर्षे साचत जातो. हा थर फुटून तेथे रक्ताची गुठळी झाली की, हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा खंडित होतो. झटका हा या दीर्घ प्रक्रियेचा शेवटचा टप्पा होय.

ही प्रक्रिया कशामुळे वेग घेते, याचा पद्धतशीर शोध १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी सुरू झाला. तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे नियमित तपासणी करण्यात आली. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला निकटचा संबंध त्यातून स्पष्ट झाला. पुढे भारतासह ५२ देशांत झालेल्या एका व्यापक अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची उणीव आणि व्यायामाचा अभाव हे घटकही त्यात ठळकपणे पुढे आले. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी, म्हणजे पन्नाशीच्या आसपास येतो, असेही त्यात आढळून आले. मुलांची शिक्षणे व्हावयाची असतात, कर्ज फिटावयाचे असते, नेमक्या त्याच वयात घराचा आधार जातो.

केवळ शहरी आजार नव्हे

हृदयविकार हा शहरातील सुखवस्तू लोकांचा आजार, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरमुळे खेड्यातील अंगमेहनत व पायपीट कमी झाली आहे. तंबाखूचे व्यसन तर जुनेच आहे. बिडी न ओढणारे अनेक पुरुष तंबाखू-चुना मळून खातात, तर अनेक स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच असते. तिच्यातील निकोटीनमुळे नाडी जलद होते व रक्तदाब वाढतो. हे व्यसन आहे, याची जाणीवही पुष्कळदा नसते.

मिठाचीही गोष्ट अशीच आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण आणि ताटातील वरचे मीठ मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

वेळीच तपासणी

वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. तो मोजल्याशिवाय कळत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक व्यक्तीने रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. ही सोय शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य उपलब्ध आहे. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा व बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालणे लाभदायक ठरते. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरातच त्यामुळे वाढलेला धोका सुमारे निम्म्याने घटतो.

या कामी गावाच्या संस्थांनाही बरेच काही करता येईल. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तिच्या अंमलबजावणीकडे मुख्याध्यापक व सरपंच यांनी लक्ष द्यावे. ग्रामसभेच्या दिवशी रक्तदाब तपासणी ठेवता येईल. छातीत दाब, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ आणि दरदरून घाम, ही लक्षणे पित्ताची समजून वेळ दवडू नये, तर १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी, हेही घरोघरी सांगितले जावे. सवयी एका दिवसात बदलत नाहीत; परंतु विकारही एका दिवसात जडत नाही. मधल्या वर्षांचा सदुपयोग करणे आपल्या हाती आहे.