सांगाडा जुना, इंजिन दुसरे

धार जिल्ह्यातील मनावर हा निमाडच्या मुलखातील, मान नदीच्या काठचा तहसिलीचा गाव असून, येथून धारला अथवा इंदूरला जावयाचे म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातील रखरखीत उष्मा मागे टाकून, विंध्याचा घाट चढून माळव्याच्या पठारावर यावे लागते. आणि जुन्या मोटारीच्या इंजिनाची खरी परीक्षा, ते भर उन्हाळ्यात हा चढ दुसऱ्या गिअरमध्ये पाणी न उकळता चढते की नाही, यावरूनच होत असते. घाट चढून गेल्यावर त्याच जिल्ह्यात पीथमपूर लागते. तेथे कारखान्यांचे मोठे जाळे आहेच, शिवाय २०२१ च्या जून महिन्यात तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते खुली झालेली, ११.३ किलोमीटर लांबीची वेगचाचणीची लंबवर्तुळाकार धावपट्टीही आहे. एकेकाळी पवारांच्या आणि होळकरांच्या अमलाखाली असलेल्या या इलाख्यात मराठी बोलणारी घराणी आजही नांदत आहेत, आणि मोटारीचे वेड हा येथील वारसाच म्हणावा लागेल. इंदूरचे अखेरचे राज्यकर्ते यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्युसेनबर्ग ‘एसजे’ ही गाडी आजही जगभरच्या दर्दी लोकांच्या आदराचा विषय आहे. सुमारे ६.९ लिटरचे, सुपरचार्जर बसविलेले, ३२० अश्वशक्तीचे तिचे इंजिन अमेरिकेतले, तर अंगरखा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढविलेला होता.

याच ‘एसजे’ जातीच्या दुसऱ्या एका गाडीची हकीकत, जुन्या क्रीडामोटारीत दुसरे इंजिन बसविणे या प्रस्तुत विषयाच्या मुळाशी नेणारी आहे. अमेरिकेतील युटा प्रांताच्या मिठागरांवर वेगाचे विक्रम करणारे अ‍ॅब जेन्किन्स यांनी १९३५ मध्ये आपल्या ड्युसेनबर्गने चोवीस तासांचा विक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी तिचे मूळचे इंजिन काढून तिच्यात कर्टिस कंपनीचे, सुमारे २५.७ लिटरचे, बारा सिलिंडरांचे विमानाचे इंजिन बसविले. विक्रम आणखी वाढले, हे खरे. परंतु एवढा भार आणि एवढा जोर त्या सांगाड्याला पेलवणारा नव्हता, म्हणून त्या इंजिनासाठी १९३८ मध्ये स्वतंत्र सांगाडा बांधावा लागला, आणि पहिल्या गाडीत तिचे स्वतःचे इंजिन परत बसवून ती रस्त्यावर चालविण्यात आली. या उद्योगात वडिलांबरोबर असलेले त्यांचे चिरंजीव मार्व्हिन यांनी पुढे उतारवयात त्या दुसऱ्या, मोठ्या गाडीचा जीर्णोद्धार केला. पहिल्या गाडीत मूळचे इंजिन परत बसविता आले याचे कारण एवढेच, की ते काढताना ते टाकून दिलेले नव्हते. इंजिन बदलू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे ध्यानी धरावे, असे मला मनापासून वाटते.

इंजिन बदलण्याचा मोह दोन कारणांनी होतो: एक तर अधिक जोर हवा असतो, किंवा मूळच्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झालेले असतात. पहिल्या कारणाचे सर्वांत नावाजलेले उदाहरण म्हणजे १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी एसी कंपनीच्या लहानशा ‘एस’ गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून घडविलेली ‘कोब्रा’. तथापि त्या गाडीची मागची आस आणि सांगाडाही अधिक भक्कम करावा लागला होता, ही गोष्ट तिची छायाचित्रे भिंतीवर लावणारे सहसा लक्षात घेत नाहीत. आपल्याकडे मात्र दुसरे कारणच अधिक प्रबळ ठरले. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध आल्यानंतर परदेशी मोटारींचे सुटे भाग दुर्मीळ होत गेले, आणि मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांत पर्किन्सची डिझेल इंजिने घालून त्या भाड्याने चालविल्या गेल्या. क्रीडामोटारीवर मात्र हा उपाय करू नये. जड डिझेल इंजिनाने तिच्या पुढच्या चाकांवरचा भार वाढतो, आणि ज्या हलक्या, चपळ वळणासाठी ती जन्मास आली तो तिचा गुणच नाहीसा होतो.

म्हणून निवड करताना जोराचा विचार नंतर आणि नात्याचा आधी करावा. १९५५ मध्ये निघालेल्या ‘एमजीए’ या इंग्रजी क्रीडामोटारीचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, बीएमसी कंपनीच्या ‘बी’ मालिकेतील होते. आणि आपल्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसिडर प्रथम जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनावर निघाली असली, तरी १९५९ पासून तिच्या नाकाखाली बसले ते याच मालिकेतील, याच १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन. तिचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, तरी हे इंजिन उघडून बांधणारे मिस्त्री अजून तालुक्यातालुक्यांत आहेत. अ‍ॅम्बॅसिडरचे इंजिन एका कार्बोरेटरवर चालते, एमजीएचे दोन एसयू कार्बोरेटरांवर. त्यामुळे त्याचा जोर कमी असतो. परंतु एमजीएचे मूळचे कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड जपून ठेवलेले असल्यास त्यांचा उपयोग होऊ शकतो. दोन तपशील मात्र फसवितात. एमजीएचा फेऱ्या मोजणारा मापक कॅमशाफ्टच्या मागील टोकाकडच्या गिअरवरून फिरतो, आणि ही सोय सलून गाडीच्या इंजिनात नसते. दुसरे असे की एमजीएच्या विजेच्या मांडणीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. अलीकडचा अल्टरनेटर लावावयाचा तर ती मांडणी आधी उलटवावी लागते, नाहीतर चावी फिरविताच अल्टरनेटर जळून जातो.

प्रत्यक्ष बसवणी हे एकट्याचे काम नव्हे, आणि म्हणूनच ते कुटुंबाला एकत्र आणणारे आहे. चेन-ब्लॉकला टांगलेले इंजिन पुढून आत घेताना वडील साखळीपाशी उभे असतात, थोरला मुलगा गाडीखाली निजून गिअरबॉक्सला जॅकचा आधार देतो, आणि मुलगी विजेरी हाती धरून, क्लचच्या तबकडीच्या मध्यातून गिअरबॉक्सचा दांडा नेमका कोठे येतो आहे ते पाहत, “बाबा, बोटभर वर घ्या, आता थांबा,” असे सांगत असते. तबकडी आधी जुन्या दांड्याच्या तुकड्याने मध्यावर आणून घट्ट केलेली असावी. म्हणजे दांड्याचे दाते तिच्या खाचांत शिरताना दोन्हींचा अक्ष एकच राहतो, आणि इंजिन हळूहळू सरकत आपल्या जागी बसते. येथे घाई झाली आणि दोहोंमध्ये राहिलेली फट बोल्ट आवळून मिटविण्याचा मोह झाला, तर इंजिनाचा सारा भार त्या बारीक दांड्यावर येतो. मग दांडा वाकतो, बुश चिरते, आणि काही दिवसांनी क्लच दाबताच खरखर ऐकू येऊ लागते. जबरदस्तीने बोल्ट आवळण्यापेक्षा इंजिन पुन्हा मागे घेऊन प्रारंभापासून जुळविणे शतपटीने बरे. सांगाड्याला मात्र करवत लावू नये. जे माउंट कमी पडतील ते स्वतंत्र पट्ट्यांवर तयार करून, मूळच्या भोकांतून आवळावेत.

इंजिन सुरू झाले म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असे समजणे धोक्याचे आहे. निमाडच्या उष्म्यात रेडिएटरची एकेक नळी साफ करवून घेतल्याखेरीज पहिला घाट चढू नये. आणि घाट उतरताना वेग गिअरने आवरता येतो की सारा भार ब्रेकवरच पडतो, हे मोकळ्या रस्त्यावर हळूहळू पारखून घ्यावे.

राहिला कायद्याचा प्रश्न. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निर्णय दिलेला आहे. म्हणून इंजिन घरी आणण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात रीतसर अर्ज करावा, खरेदीची पावती आणि नव्या इंजिनाचा क्रमांक दप्तरी दाखल करावा, व लेखी मंजुरी हाती येईपर्यंत पाना उचलू नये. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विशेष नोंदणी, वीस हजार रुपये भरून, दहा वर्षांसाठी मिळू शकते. परंतु ती गाडी मूळ स्वरूपात जतन केलेली असली पाहिजे, आणि इंजिनातील फेरफार हा त्या नियमांत मोठ्या फेरफारांपैकी गणला जातो. अर्थात, ज्या कुटुंबाला आपली गाडी कधी ना कधी या वर्गात नोंदवावयाची आहे, त्याने दुसरे इंजिन हे मुक्कामाचे न मानता वाटेतले मानावे.

यासाठी काढलेल्या इंजिनाची तजवीज पहिल्याच दिवशी व्हावी. सिलिंडरांत तेल सोडून प्लगची भोके बंद करावीत, पाणी पूर्ण काढून टाकावे, ब्लॉकवरील क्रमांकाला ग्रीस लावून त्याचे छायाचित्र गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे, काढलेला प्रत्येक बोल्ट ठिकाणाच्या नावानिशी पिशवीत घालावा, आणि ते इंजिन जमिनीवर नव्हे, लाकडी घोडीवर, ओल न येणाऱ्या खोलीत ठेवून, दर पावसाळ्यापूर्वी क्रँक हाताने फिरवून पाहण्याची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावी.