लंडन थांबतं तो दिवस

मुंबईची लोकल दिवाळीतही धावते, अनंत चतुर्दशीला तर रात्रभर धावते. रविवारच्या मेगाब्लॉकमध्येसुद्धा एखादी मार्गिका चालू असतेच. म्हणून ही गोष्ट आपल्याला पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही: २५ डिसेंबरला लंडनची भुयारी रेल्वे पूर्ण बंद असते. २७२ स्थानकं, सुमारे ४०० किलोमीटरचं जाळं, १८६३ पासून चालत आलेली जगातली सर्वांत जुनी मेट्रो, आणि त्या दिवशी तिची एकही गाडी सुटत नाही. लाल बस डेपोत उभ्या असतात. बाहेरगावच्या गाड्या नाहीत, समुद्राखालून पॅरिसला जाणारी युरोस्टारही नाही. जवळपास ९० लाख वस्तीचं शहर एक दिवस फक्त पायांवर चालतं.

एकेकाळी नाताळच्या दिवशीही लंडनमध्ये गाड्या धावत. विसाव्या शतकात त्या कमी होत गेल्या आणि मग थांबल्याच. दुकानांच्या बाबतीत तर कायदाच आहे. २००४ च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान नाताळच्या दिवशी उघडता येत नाही. कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं राहू शकतं. दूध-पाव मिळतं ते तिथेच. रेल्वेवाले मात्र या शांततेची वर्षभर वाट पाहत असतात. एरवी ज्या रुळांवर तासभरही हात लावता येत नाही, तिथे नाताळात हजारो कामगार उतरतात. रूळ, सिग्नल, पूल सगळ्यांची कामं तेव्हा उरकली जातात.

निवांत सुट्टीसाठी यापेक्षा चांगली सोय मला दिसत नाही. युरोपातलं मोठं शहर म्हटलं की आपण यादी घेऊन धावतो. इथे शहरच तुम्हाला धावू देत नाही. त्यामुळे बेत आखताना पहिला प्रश्न ‘काय पाहायचं’ हा नसून ‘मुक्कामापासून चालत कुठे जाता येईल’ हा असतो. माझं उत्तर आहे पॅडिंग्टन. तिथून दक्षिणेला हाइड पार्क, उत्तरेला रीजंट्स कालवा, आणि दोन्ही पायी.

उजेडाचा हिशेब मात्र आधी मांडावा लागतो. त्या दिवशी लंडनमध्ये सूर्य सकाळी ८ च्या पुढे उगवतो आणि दुपारी ४ वाजायच्या आत मावळतो. ऐन मध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांवर असतो. म्हणून लंडनमध्ये भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पावणेचारपट लांब पडते. आणखी एक नवल आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या दहाएक दिवस आधीच होऊन गेलेला असतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि या दिवसांत ती सूर्याच्या जवळ असल्यामुळे कक्षेत वेगाने फिरते. या दोन्हींमुळे डिसेंबरअखेर एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंतचा काळ २४ तासांपेक्षा सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त भरतो. घड्याळाच्या मानाने मध्यान्ह रोज थोडी पुढे सरकते आणि तिच्यासोबत सूर्यास्तही. नाताळपर्यंत संध्याकाळ चार-पाच मिनिटांनी लांबलेली असते, सकाळ मात्र अजून उशिराच उजाडत असते.

म्हणजे हाती आठ तासांपेक्षा कमी उजेड. तो दोनच गोष्टींवर खर्च करा.

पहिली सकाळी ९ वाजता. हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात १८६४ पासून नाताळच्या सकाळी पोहण्याची शर्यत होते. अंतर १०० यार्ड, पाणी हाडं गोठवणारं. पोहता येतं फक्त तिथल्या क्लबच्या सभासदांना. काठावर उभं राहून ओरडायला मात्र सगळ्यांना मुभा आहे. १९०४ साली जे. एम. बॅरी यांनी या शर्यतीसाठी चषक दिला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला त्यांचं ‘पीटर पॅन’ लंडनच्या रंगभूमीवर आलं. तेव्हापासून विजेत्याला मिळतो तो पीटर पॅन चषक.

दुसरी गोष्ट म्हणजे कालव्याकाठची चाल. मराठी माणसाने तर ती चुकवूच नये. पॅडिंग्टनहून उत्तरेला दहा-पंधरा मिनिटांवर हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. तिथल्या १० क्रमांकाच्या घरावर निळी पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहिले. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर त्यांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते. खटला हरले, पण त्या मुक्कामात त्यांनी इंग्रजांच्या राजधानीत स्वराज्याची बाजू मांडली. घराजवळच कालव्याचं रुंद पात्र आहे, रंगीत अरुंद होड्या रांगेने बांधलेल्या असतात. तिथून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात कालवा बोगद्यात शिरतो आणि आपल्याला वर रस्त्यावर यावं लागतं, कारण आत काठाची वाटच नाही. पूर्वी या होड्या घोडे ओढायचे. बोगदा आला की घोडा सोडून वरून चालवत नेत, आणि नावाडी होडीत पाठीवर आडवे पडून दोन्ही बाजूंच्या भिंतींना पायांनी रेटत होडी पुढे काढत. लंडनचा माल एकेकाळी असा माणसांच्या पायांच्या जोरावर सरकत होता.

पुढे वाट पुन्हा पाण्याशेजारी उतरते, रीजंट्स पार्कला वळसा घालते आणि थेट प्राणिसंग्रहालयामधून जाते. तिथून वर चढलं की प्रिमरोझ हिल. टेकडी जेमतेम ६३ मीटरची, पण माथ्यावरून सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसतो. तो दिसत राहावा म्हणून शहराच्या नियोजनात ही दृष्टिरेषाच राखून ठेवली आहे. मधे उंच इमारत बांधून घुमट झाकता येत नाही. नजरेच्या वाटेलाही शहराने संरक्षण द्यावं, ही मला लंडनची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

टेकडीच्या पलीकडे उतरा. किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना इथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. नाताळला आत जाता येईल असं धरून चालू नका. पण बाहेर उभं राहून निळी पाटी वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत, रमतगमत सव्वा-दीड तास. गाड्यांचा गलका जवळजवळ नसतो, आणि दोघे इथे केवळ दोन-तीन वर्षांच्या अंतराने राहिले होते हे तेव्हा एकदम जाणवतं.

दुपारी ३ वाजता घरोघरी राजाचं भाषण लागतं. पहिलं भाषण पंचम जॉर्जने १९३२ मध्ये केलं. तीनचीच वेळ निवडली, कारण लघुलहरींवरून दूरदूरच्या वसाहतींमध्ये जास्तीत जास्त लोकांपर्यंत आवाज पोहोचायला ती सोयीची होती. भाषण लिहून दिलं रुडयार्ड किपलिंगने. त्याचा जन्म मुंबईतला, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला.

रोषणाई आदल्या संध्याकाळीच, शहर जागं असताना पाहून घ्या. ट्रफल्गार चौकातलं झाड ऑस्लोजवळच्या जंगलातून येतं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या राजाने लंडनमध्ये आश्रय घेतला होता; त्या मदतीची आठवण म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी एक झाड पाठवतं. झाड साधारण २० मीटरहून उंच, वय बहुधा पन्नाशीच्या पुढे. दिवे उभ्या ओळींत लावतात, नॉर्वेच्या पद्धतीने. ६ जानेवारीपूर्वी ते उतरवतात आणि त्याचा चुरा बागांच्या मातीवर पसरतात.

बाकी व्यवहाराचं. २५ तारखेला लंडनमध्ये उतरणारं विमान घेऊ नका. हीथ्रोहून शहरात यायला ना मेट्रो असते ना रेल्वे, टॅक्सी मोजक्या आणि महाग. नाताळच्या दुपारचं जेवण हॉटेलात हवं असेल तर आधी कित्येक आठवडे नोंदवा, नाहीतर चूल असलेली खोली घ्या आणि २४ च्या दुपारपर्यंत भाजी-किराणा आणून ठेवा. २६ ला भुयारी रेल्वे सुरू होते, लांबच्या गाड्या मात्र तुरळकच. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी दोन्ही २४ ते २६ बंद असतात. ती २७ साठी ठेवा. सकाळी १० ला दारं उघडतात आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.